तलवार, तेंगू आणि रानचेरीचा ठसा: टोकियो ते कुरामा

जपानी लाकडी ठशांची छापचित्रं म्हटली की आपल्याकडे बहुतेकांना होकुसाइची लाट आठवते, फार तर फुजी पर्वत. पण एदो काळात (1603–1868) त्याच ठशांवर, त्याच गल्ल्यांत दुसरी एक मोठी दुनिया छापली जात होती: तलवारबहाद्दर, राक्षस, लांब नाकाचे तेंगू, सूड घ्यायला परत आलेल्या बायका, जाळं विणणाऱ्या कोळी-किड्याचं रूप घेतलेली पिशाच्चं. योद्ध्यांच्या चित्रांना जपानीत 'मुशा-ए' म्हणतात. ही सहल फक्त त्यांच्यासाठी आखली. आधी टोकियोत मूळ छाप पाहायचे आणि ते तयार कसे होतात ते समजून घ्यायचं, मग क्योतोला जाऊन त्या कथांच्या जागा पायी फिरायच्या. हा क्रम उलटा करू नका. चित्र डोळ्यांत बसलेलं असेल तरच क्योतोतला साधा पूलसुद्धा काही सांगतो.

महिना ऑगस्ट. घामाने अंगाला कपडे चिकटतात आणि सिकाडांचा आवाज सकाळी सहापासून कानात बसतो. तरी याच महिन्यात जावं, कारण जपानात भुतांच्या गोष्टींचा मोसम उन्हाळा आहे आणि पितर घरी येतात तो ओबोनचा सणही याच दिवसांत असतो.

पहिला दिवस: हाराजुकू

हाराजुकू स्टेशनपासून पाच मिनिटांवर, कपड्यांच्या दुकानांच्या गर्दीमागच्या गल्लीत ओता स्मारक कला संग्रहालय आहे. 1980 साली इथे सुरू झालेलं, फक्त उकियो-एला, म्हणजे एदो काळातल्या याच चित्रांना, वाहिलेलं. इथे कायमस्वरूपी प्रदर्शन नाही. साधारण महिन्याला विषय बदलतो आणि दोन प्रदर्शनांच्या मध्ये दारं बंद असतात. कारण रंगांत आहे. करडईच्या फुलांचा लाल आणि त्सुयुकुसा या रानफुलाचा निळा उजेडात उडून जातात, शिशाचा नारिंगी काळा पडतो. म्हणून खोलीत जेमतेम 50 लक्सचा उजेड ठेवतात. आत गेल्यावर डोळे सरावेपर्यंत थांबावं, लगेच पुढे सरकू नये.

उतागावा कुनियोशी (1798–1861) इथून सुरू करावा. 1827च्या सुमाराला त्याने सुइकोदेन या चिनी कथेतल्या 108 बंडखोर वीरांची मालिका काढायला घेतली आणि रातोरात त्याचं नाव झालं. त्याआधी योद्ध्यांची चित्रं होती, पण ती काहीशी कवायतीसारखी. कुनियोशीने माणूस चौकटीत कोंबला. पाठ वळलेली, पायाची बोटं जमिनीत रुतलेली, अंगभर गोंदण, आणि शस्त्राचं टोक कागदाच्या कडेला जाऊन भिडलेलं. एदो शहरात (आजच्या टोकियोत) गोंदणाची जी लाट आली, तिला या मालिकेने मोठा रेटा दिला.

त्याची तीन पानी चित्रं पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ओबान आकाराचं एक पान साधारण 38 × 26 सेंटिमीटर. तीन पानं शेजारी ठेवली की चित्र पूर्ण होतं, पण प्रत्येक पान एकटंही विकता येईल असं आखायची पद्धत होती. कुनियोशीने हा नियम वाकवला. मियामोतो मुसाशी आणि देवमासा या चित्रात (1847–50च्या सुमाराचं) मासाच तिन्ही पानांवर पसरलाय आणि त्याच्या पाठीवर तलवार खुपसणारा मुसाशी अगदी लहान आहे. सोमाच्या पडक्या वाड्यातल्या सांगाड्याचंही तसंच (1844–45). मसाकादो या बंडखोर सरदाराची मुलगी ताकियाशा डावीकडे मंत्राची गुंडाळी उघडून उभी आहे, मधल्या पानावर तिला पकडायला आलेला मित्सुकुनी, आणि उजवीकडून बांबूचा पडदा फाडत एक अजस्र सांगाडा मधल्या पानावर घुसतो. मूळ कथेत लहान सांगाड्यांची अख्खी फौज होती. तिचा एकच सांगाडा करणं ही कुनियोशीची करामत. त्याच्या बरगड्या आणि मणके इतके बिनचूक आहेत की त्याने पाश्चात्त्य शरीरशास्त्राची पुस्तकं पाहिली असणार असं अभ्यासक मानतात.

मूळ छापासमोर गुडघे वाकवून, पानाच्या कडेकडून तिरकं बघा. सरळ बघून जे दिसत नाही ते उजेड आडवा पडला की दिसतं: काळ्या वस्त्रावर काळ्यातच चकाकणारी नक्षी, पांढऱ्या कापडावर शाईविना उठवलेली वीण, पार्श्वभूमीत अभ्रकाची चमक. फोनच्या पडद्यावर यातलं काहीच येत नाही. भुताच्या पांढऱ्या कपड्याचं वजन या उठावातच असतं.

जाणाऱ्यांसाठी: तिकिटं काढायच्या आधी संग्रहालयाचं वेळापत्रक पाहा आणि सहल त्याप्रमाणे बांधा. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद. खिशात लहान दुर्बिणीसारखी एकडोळी भिंग ठेवा, काचेपासून लांब उभं राहूनही रेषा दिसते. चित्रावरचे छोटे शिक्के वाचायला शिका, ते तारखेचं काम करतात. 'किवामे' असा एकच गोल शिक्का असेल तर सेन्सॉरची 1790 नंतरची जुनी पद्धत. एका नानुशीचा (तपासनिसाचा) शिक्का असेल तर 1843 ते 1847, दोन नानुशींचे शेजारी शेजारी असतील तर 1847 ते 1852. कुनियोशीची सही बहुधा 'इचियूसाइ कुनियोशी गा' अशी, खाली पावलोनियाच्या पानाचा लाल शिक्का.

दुसरा दिवस: मेजिरो

मेजिरो स्टेशनवरून चालत शिमो-ओचियाइला गेलं की अदाची मोकुहांगा केंद्र लागतं. 1920च्या दशकात सुरू झालेली ही संस्था आजही एदो पद्धतीने ठसे कोरते, छापते आणि नवे कारागीर घडवते. दालनात छाप हातात घेण्याइतक्या जवळून पाहता येतात. प्रात्यक्षिक रोज नसतं, तारीख आधी विचारून घ्यावी.

काम चार जणांत वाटलेलं असतं: पैसा लावून विषय ठरवणारा प्रकाशक, चित्रकार, कोरणारा, छापणारा. नाव चित्रकाराचं होतं, पण चित्र भीतिदायक होतं ते पुढच्या दोघांच्या हातांनी.

चित्रकार पातळ कागदावर फक्त काळ्या रेषांचं चित्र देतो. तो कागद रानचेरीच्या फळीवर उलटा चिकटवतात. खळ वाळत आली की कागदाचा मागचा थर बोटाने चोळून काढायचा, म्हणजे रेषा फळीवर स्वच्छ दिसतात. मग छोट्या सुरीने प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंनी काप घ्यायचा आणि मधलं लाकूड छिन्नी-हातोडीने उडवायचं. मूळ चित्र यातच संपतं. चेरीच का, तर लाकूड कठीण, त्याचे तंतू अगदी दाट. बारीक रेषा शेकडो छापांनंतरही तुटत नाही आणि पाण्याने फारशी फुगत नाही.

खरी परीक्षा केसांची. कपाळाच्या कडेला जिथे केस सुरू होतात तिथे मिलिमीटरच्या आत दोन-तीन रेषा उभ्या ठेवाव्या लागतात, त्याही टोकाला निमुळत्या. हे काम उस्ताद कोरणाऱ्याकडेच असे. चेहरा आणि केस त्याचे, कपडे आणि पार्श्वभूमी शिकाऊंची. ओइवासारख्या भुतिणीचे गळणारे केस पाहताना चित्रकाराइतकंच या अनामिक हाताचं कौतुक वाटतं. कारण चित्रकाराने तिथे प्रत्येक केस काढलेला नसायचा, दिशा दाखवलेली असायची.

काळ्या रेषेच्या ठशावरून काही प्रती काढून चित्रकाराकडे जात. तो प्रत्येक प्रतीवर एकेका रंगाची जागा दाखवी, आणि त्याप्रमाणे रंगांचे ठसे कोरले जात. फळीच्या दोन्ही बाजू वापरत, लाकूड महाग होतं. प्रत्येक ठशाला खालच्या उजव्या कोपऱ्यात काटकोनी खूण आणि खालच्या कडेला दुसरी सरळ खूण असते. या दोन खुणांना 'केंतो' म्हणतात. कागद आधी कोपऱ्यात, मग कडेला टेकवायचा. सगळा मेळ या दोन खाचांवर.

छापणाऱ्याची चौकी त्याच्यापासून पलीकडे उतरती असते, म्हणजे अंगाचा भार आपोआप पुढे जातो. कागद कोझो झाडाच्या सालीच्या धाग्यांचा, त्यावर आधी तुरटी आणि सरस यांचं पाणी दिलेलं, नाहीतर रंग फुटतो. आदल्या दिवशी कागद ओलसर करून थप्पी लावून ठेवतात. ठशावर रंग आणि तांदळाच्या खळीचा ठिपका टाकायचा, घोड्याच्या केसांच्या ब्रशने पसरवायचा. नव्या ब्रशची टोकं शार्कच्या चामड्यावर घासून मऊ केलेली असतात. मग कागद ठेवून पाठीवरून बारेन फिरवायचं. बारेन म्हणजे बांबूच्या सालीची वळलेली दोरी चकलीसारखी गुंडाळून, लाखेच्या कागदी तबकडीत बसवून, वरून बांबूच्या सालीने बांधलेली गादी. दोरीच्या गाठी कागदावर टोचतात आणि रंग धाग्यांत शिरतो. म्हणून चांगल्या छापाच्या मागून पाहिलं तरी रंग दिसतो.

बिघाड कुठे होतो तेही इथे नीट कळलं. कागद जास्त ओला असेल तर रेषेची कड फुटते. कमी ओला असेल किंवा दाब कमी पडला तर तिळाएवढे पांढरे ठिपके उरतात. दिवसभरात कागद वाळत गेला की आखडतो आणि दुपारचे रंग सकाळच्या रेषेबाहेर सांडतात. मग केंतोच्या खाचेत लाकडाची कपची बसवून किंवा खाच किंचित तासून जुळवून घ्यावं लागतं. पहाटेच्या आकाशासारखा उतरता रंग, ज्याला 'बोकाशी' म्हणतात, तो ठशात कोरलेला नसतोच. ओल्या फडक्याने ठसा पुसायचा, ब्रशच्या एकाच कडेला रंग घ्यायचा, आणि प्रत्येक प्रतीला तो हाताने उतरवायचा. जुन्या चित्राच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर आकाश कधीच एकसारखं नसतं. घाईच्या, उशिराच्या छपाईत पहिल्यांदा गायब होते ती हीच बोकाशी.

काळं वस्त्र चकाकवायचं असेल तर छापून झाल्यावर कागद सुलटा करून, खाली नक्षीचा ठसा ठेवून, वरून गुळगुळीत दाताने घोटतात. रक्त दाखवायची युक्तीही अशीच हाताची. कुनियोशीचे शिष्य योशितोशी आणि योशिइकु या दोघांनी मिळून 1866–67 मध्ये खुनांच्या प्रसंगांची 28 चित्रांची मालिका काढली, तिच्यात लाल रंगात सरस मिसळून तो ओला आणि घट्ट दिसेल असा छापला.

आपल्याकडे घराघरांत पोचलेली रविवर्मा छापखान्याची चित्रं दगडावरून छापलेली. तिथे छटा दगडच धरून ठेवतो. इथे छटा माणसाच्या मनगटात असते.

तिसरा दिवस: र्‍योगोकु

सुमिदा नदीकाठचा हा सुमोचा भाग. जुन्या यासुदा बागेत जपानी तलवार संग्रहालय आहे, 2018 पासून या जागी, इमारत फुमिहिको माकी यांची. मुशा-ए समजायला इथे एक तास दिलाच पाहिजे. जुनी 'ताची' कमरेला लटकवत, धार खाली. नंतरची 'काताना' पट्ट्यात खोचत, धार वर. मुठीतल्या भागावर लोहाराचं नाव कोरलेलं असतं ते कमरेला असताना बाहेरच्या बाजूला येईल असं. त्यावरून पातं कुठल्या प्रकारचं ते ओळखतात. हे कळलं की चित्रातही नजर आपोआप कमरेकडे जाते.

चालत दहा मिनिटांवर किरा सरदाराच्या वाड्याची उरलेली जागा आहे, पांढऱ्या-काळ्या भिंतींचं चिमुकलं उद्यान. जुन्या पंचांगाप्रमाणे 1702च्या बाराव्या महिन्यातल्या चौदाव्या रात्री 47 धनीविहीन सामुराइंनी इथे हल्ला केला. कुनियोशीने 1847–48 मध्ये त्यांची एकेकाची चित्रमालिका काढली. पण खऱ्या सामुराइ घटना नावानिशी छापायला बंदी होती, म्हणून त्यांचा म्होरक्या ओइशी याचा 'ओबोशी' झाला. वाचणाऱ्याला सगळं कळत होतं.

मग सुमिदा होकुसाइ संग्रहालय: 2016चं, काझुयो सेजिमा यांची ऍल्युमिनियमची चकाकती इमारत. कायमच्या दालनात हुबेहूब प्रतिकृती आहेत, मूळ छाप फिरत्या प्रदर्शनात. होकुसाइच्या भुतांच्या मालिकेची (1831–32च्या सुमाराची) पाचच चित्रं ज्ञात आहेत आणि पाचही विलक्षण. ओइवा कागदी कंदील झालेली, कंदिलाची फाटलेली कड म्हणजे तिचं तोंड. बशीपायी जीव गमावलेल्या ओकिकू या मोलकरणीची मान बशांची. कोहादा कोहेइजी हाडांची बोटं घालून मच्छरदाणी खाली ओढून आत डोकावतोय, बायको आणि तिचा यार आत झोपलेत हे आपल्याला ठाऊक असतं. होकुसाइ भूत अंधारातून आणत नाही, घरातल्या वस्तूतून काढतो.

दुपारी चांको-नाबे, सुमो पहिलवानांचं भाज्या-मांसाचं उकळतं भांडं. शाकाहारी असाल तर इथेच एक लक्षात घ्या: जपानात रश्शाचा पाया बहुधा वाळवलेल्या माशाचा असतो, 'फक्त भाज्या' म्हटलेल्या सोबाच्या पाण्यातही. आधी 'दाशी' कशाची आहे ते विचारा.

चौथा दिवस: यानाका आणि उएनो

सेंदागी स्टेशनवरून चढ चढून यानाकाच्या झेनशोआन मंदिरात. हे मंदिर 1883 साली यामाओका तेशू (1836–1888) यांनी उभारलं. ते झेनचे साधक आणि शेवटच्या मोठ्या तलवारबाजांपैकी एक. त्यांचे शिष्य सान्यूतेइ एन्चो हे भुतांच्या कथा सांगणारे कथाकार. एन्चोने गोळा केलेली भुतांची लटकती गुंडाळीचित्रं ऑगस्टभर इथे एका खोलीत टांगतात. ही छापचित्रं नव्हेत, रेशमावर आणि कागदावर हाताने काढलेली आहेत. पण छापचित्रांतली भुतं कुठून आली ते इथे कळतं: पाय नसलेली, कमरेखाली विरत गेलेली, हात मनगटातून लोंबणारे. त्यांतलं एक मारुयामा ओक्यो या चित्रकाराचं मानलं जातं. योशितोशीने 1891 मध्ये पिओनी-कंदिलाच्या भुताचं चित्र केलं, ती कथा एन्चोने रंगमंचावरून गाजवलेली. विशेष म्हणजे दोघेही 1839 साली जन्मलेले.

खोलीत पंखा आणि उदबत्तीचा वास, बोलणं बंद. एका वृद्ध स्वयंसेवक बाईंनी हातातल्या पंख्याने एका चित्राच्या कडेकडे बोट दाखवलं. भोवतालची कापडाची किनारसुद्धा रंगवलेलीच होती आणि भूत त्या चौकटीबाहेर येत होतं. सांगितलं नसतं तर नजरेतून निसटलं असतं.

तिथून उतरत वीस-पंचवीस मिनिटांत उएनोचं टोकियो राष्ट्रीय संग्रहालय. होनकान इमारतीत दहाव्या दालनात उकियो-ए, तेराव्यात तलवारी. 'दोजिगिरी' हे यासुत्सुना या लोहाराचं पातं या संग्रहालयाचं. मिनामोतो योरिमित्सुने शुतेन-दोजी या ओए डोंगरावरच्या राक्षसराजाचं मुंडकं याच तलवारीने उडवलं अशी आख्यायिका. औषध घातलेली दारू पाजून राक्षसाला झोपवलं, तरी तोडलेलं मुंडकं उडून योरिमित्सुच्या शिरस्त्राणाला चावलं. चित्रकारांना हा क्षण फार प्रिय. तलवार क्वचितच बाहेर काढतात, यादी आधी बघून जा.

याच योरिमित्सुवरून 1843 साली मोठी खळबळ उडाली. त्याआधीच्या दोन वर्षांत सरकारच्या तेंपो सुधारणांनी नट आणि गणिकांच्या चित्रांवर बंदी घातली होती, त्यामुळे चित्रकार इतिहासाकडे वळले. कुनियोशीने आजारी योरिमित्सु पांघरुणात, जवळ बसलेले त्याचे चार सरदार, त्यांतले दोघे 'गो' हा पटावरचा खेळ खेळणारे, आणि मागे मातीच्या कोळ्याने उभी केलेली भुतांची पलटण असं तीन पानी चित्र काढलं. लोकांनी ओळखलं: झोपलेला म्हणजे शोगुन (देशाचा लष्करी सत्ताधीश), एका सरदाराच्या कपड्यावर मंत्री मिझुनोचं घराणेचिन्ह, आणि भुतं म्हणजे बंदीने देशोधडीला लागलेले धंदे. बोभाटा वाढला तसा प्रकाशकाने छाप मागे घेतले. भुताचं चित्र वाचायची ही रीत एदोच्या माणसाला अंगवळणी पडलेली होती. आपण आज फक्त भूत पाहतो.

पाचवा दिवस: जिंबोचो

जुन्या पुस्तकांची ही वस्ती. ओया शोबो (1882 पासून), हारा शोबो, यामादा शोतेन अशा दुकानांत खरे जुने छाप मिळतात. आत जाताना पाठीवरची पिशवी पुढे घ्या, हात स्वच्छ आणि कोरडे ठेवा, छाप स्वतः उचलण्याआधी विचारा. मग दोन्ही हातांनी, समोरासमोरचे कोपरे धरून.

विकत घ्यायचं असेल तर ही तपासणी करा. भिंगातून ठिपक्यांची जाळी दिसली तर ते यंत्रावरचं पोस्टर. मागून रंग उतरलेला आणि बारेनच्या गोलसर खुणा दिसल्या तर हातछपाई. पण हातछपाई म्हणजे जुनी असंही नाही. नव्याने कोरलेल्या ठशांवरच्या प्रतिकृती उत्तम असतात आणि प्रामाणिक दुकानदार तसं सांगतो. मग रेषा पाहा: केसांच्या किंवा चौकटीच्या रेषा तुटलेल्या असतील तर ठसा झिजल्यावरची प्रत. मार्जिन कापलंय का, मधे घडी आहे का, किड्यांची भोकं मागून कागद लावून बुजवलीत का. तीन पानी चित्रात तिन्ही पानांचा निळा एकसारखा उडालाय का. नसेल तर पानं वेगवेगळ्या संचांतून जुळवलेली असू शकतात. पूर्वी अशी चित्रं चिकटवून वहीत ठेवत, त्यामुळे कडेला जोडाच्या खुणा असणं हा दोष मानू नये. 1860 नंतरच्या छापांत झगझगीत लाल-जांभळा दिसतो तो आयात रासायनिक रंगांचा, त्याला नकली समजू नका.

सुरुवात करणाऱ्याने कुनियोशीच्या तीन पानांमागे न लागता योशितोशीचं एक पान चांगल्या अवस्थेतलं घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत. त्याची छत्तीस भुतांची मालिका (1889–92) पाहा. प्रत्येक चित्राची चौकट किड्यांनी खाल्ल्यासारखी मुद्दाम कोरलेली आहे, ती खराबी समजून किंमत पाडून मागू नका.

जेवायला याच गल्लीत करी. जिंबोचो करीसाठी प्रसिद्ध आहे. काही दुकानांत आधी उकडलेला बटाटा आणि लोणी येतं, मग दाट, गोडसर करी. दुपारी ओतेमाचीच्या काचेच्या इमारतींत दडलेलं मसाकादोचं शिरस्थान पाहिलं. ताकियाशाच्या बापाचं मुंडकं क्योतोहून उडत इथे येऊन पडलं म्हणतात. कार्यालयांत जाणारी माणसं थांबून हात जोडून जात होती. संध्याकाळी शिंकान्सेनने क्योतो.

सहावा दिवस: क्योतो, राक्षसाचा हात

इचिजो मोदोरीबाशी हा होरिकावावरचा आता साधा काँक्रीटचा पूल, 1995 साली पुन्हा बांधलेला. उत्तरेला जवळच सेइमेइ मंदिरात जुन्या पुलाची छोटी प्रतिकृती आहे. योरिमित्सुचा सरदार वातानाबे नो त्सुना रात्री इथून जात असता एका सुंदर बाईने सोबत मागितली. तिने राक्षसाचं रूप घेतलं, त्याची शेंडी धरून आतागो डोंगराकडे उडाली. त्सुनाने तलवारीने तिचा हात तोडला आणि तो स्वतः कितानोच्या देवळावर पडला. कितानो तेनमांगूमध्ये त्याने वाहिलेला म्हणतात तो दगडी दीप आजही आहे, आणि 'ओनिकिरीमारू' ही तलवार त्यांच्याच वस्तुसंग्रहात. तो विभाग रोज उघडा नसतो. महिन्याच्या 25 तारखेला उघडतो आणि त्याच दिवशी आवारात मोठा जुना बाजार भरतो, एकात दोन कामं.

त्सुनाने हात पेटीत ठेवला. सात दिवस दार उघडायचं नाही असा दंडक होता, पण म्हातारी मावशी दारात येऊन रडली आणि त्याने उघडलं. मावशी म्हणजे तोच राक्षस. योशितोशीने 1889 मध्ये तो क्षण घेतला: पांढऱ्या केसांची म्हातारी, तोडलेला हात घट्ट धरून निसटते आहे. त्सुना चित्रात नाहीच. कुनियोशीने अख्खी मारामारी दाखवली असती, योशितोशी झटापट झाल्यानंतरचा श्वास पकडतो.

नोह या जुन्या नाट्यप्रकाराने हीच कथा राशोमोन दरवाजावर नेली, म्हणून काही चित्रांत पूल असतो, काहींत दरवाजा. दरवाजाची जागा तोजी मंदिराजवळच्या मुलांच्या बागेत, घसरगुंडीशेजारी एका दगडी खांबाने दाखवली आहे. वेळ कमी असेल तर हे वगळा.

सातवा दिवस: कुरामा

देमाचियानागीहून एइझान रेल्वेने अर्ध्या तासात कुरामा. स्टेशनबाहेर लाल तोंडाचा, लांब नाकाचा प्रचंड तेंगू स्वागताला. बाप मारला गेल्यावर लहानगा उशिवाका (पुढचा मिनामोतो योशित्सुने) या डोंगरावरच्या मठात ठेवला होता आणि रात्री सोजोबो या तेंगूराजाकडून तलवार शिकला, अशी कथा. कुनियोशीने त्याला दरीतल्या झाडांत तेंगूंच्या टोळीशी खेळवलंय.

मुख्य मंदिराच्या वाटेवर काही अंतर केबल कार आहे, पण वर पोचल्यावर खरा रस्ता सुरू होतो. 'सुगी' या जपानी सूचिपर्णी जातीची उंच झाडं, खाली कठीण खडक, त्यामुळे मुळं जमिनीत शिरू शकत नाहीत आणि पृष्ठभागावर जाळ्यासारखी पसरतात. त्या मुळांवरून उड्या मारत उशिवाकाने सराव केला म्हणतात. पुढे सोजोगातानी दरी, तिथलं फुदो देऊळ, मग माओ-देन, आणि उतार थेट किबुनेला. 16व्या वर्षी डोंगर सोडताना त्याने उंची मापली तो दगड रस्त्यातच, कुंपणाआड. दुपारी गडगडून सर आली आणि मुळं साबणासारखी झाली. चांगल्या पकडीचे बूट घाला, पाणी जवळ ठेवा, मुळांवर पाय न देता मधल्या मातीवर द्या. झाडांसाठीही तेच बरं. कुरामाहून किबुनेकडे असा क्रम ठेवला तर मोठा चढ सुरुवातीलाच संपतो.

कुरामाच्या दुकानांत 'किनोमे-नि' मिळतं: कोंबु शेवाळ आणि सान्शो सोयात आटवलेलं. एक दाणा चावला आणि जीभ बधीर झाली. सान्शो आणि आपलं कोकण-गोव्यातलं तिरफळ एकाच कुळातले, बांगड्याच्या आमटीची आठवण येणारच. भातासोबत खावं, नुसतं खारट लागतं.

परतीत इचिजोजीला उतरलो. सागारी-मात्सु, म्हणजे जिथे मुसाशी योशिओका घराण्याच्या माणसांशी एकटा लढला म्हणतात ते पाइनचं ठिकाण. जुन्या झाडाचं खोड जवळच्या हाचिदाइ मंदिरात जपलंय. मुसाशीच्या कथांना छापचित्रांनी काळाचंही बंधन ठेवलं नाही. योशितोशीच्या एका चित्रात तो म्हाताऱ्या बोकुदेन या तलवारबाजावर वार करतो आणि बोकुदेन तो भांड्याच्या झाकणावर झेलतो. बोकुदेन 1571 मध्ये वारला, मुसाशीचा जन्म त्यानंतरचा. गिऱ्हाइकाला दोघे एकाच पानावर हवे होते. या भागात रामेनची दुकानं रांगेने आहेत, संध्याकाळी सहानंतर रांगा लागतात.

शेवटचा दिवस: गोजो आणि रोकुदो

गोजोच्या पुलाजवळ रस्त्याच्या मधल्या पट्टीत उशिवाका आणि बेंकेई यांचे गुटगुटीत पुतळे आहेत. 999 तलवारी जमवलेला बेंकेई हजाराव्या तलवारीसाठी पुलावर अडतो, कठड्यावर उशिवाका, खाली नागिनाता (लांब दांड्याचं पात्याचं शस्त्र) फिरवणारा बेंकेई: शेकडो छापचित्रांचा हा विषय. पण त्या काळचा गोजो पूल इथे नव्हताच. तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने 1590च्या सुमाराला पूल दक्षिणेला हलवला. जुना मार्ग म्हणजे आजची मात्सुबारा गल्ली. तिथल्या पुलावर उभे राहा, पाणी उथळ आहे. चित्रातली झेप तिथे पटते.

मात्सुबारावरूनच पूर्वेला चालत रोकुदो चिन्नोजी. 7 ते 10 ऑगस्टला इथे पितरांना बोलावायची गर्दी होते. घंटा भिंतीआड आहे, दोरी आपल्याकडे ओढली की आतून आवाज येतो. पहाटे गेलं तर रांग कमी. जवळच भूत झालेल्या आईच्या कथेचं मिठाईचं दुकान: मेल्यावर थडग्यात बाळ जन्मलेली बाई रोज रात्री येऊन बाळासाठी गूळमट खडे विकत नेई. काकवीच्या रंगाचे, ओबडधोबड फोडलेले माल्टचे खडे पिशवीत मिळतात, चव सौम्य.

छाप विकत घेतला असेल तर परतीच्या तयारीबद्दल. गुंडाळू नका, जुना कागद सुरकुत्यांवर तडकतो. दुकानातून दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांधून घ्या आणि हातातल्या सामानात ठेवा. घरी लॅमिनेशन आणि चिकटपट्टी अजिबात नको. आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या खिडकीत, जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी वरच्या कडेला टांगा, काच कागदाला टेकू देऊ नका. मुंबई-कोकणात पावसाळ्यात बुरशीचे तांबूस डाग आठवड्यातही उठतात, त्यामुळे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत भिंतीवरून उतरवून, सिलिका जेलच्या पाकिटांसह बंद पेटीत, बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा. जेल दर पंधरा दिवसांनी तपासा आणि ओलावा धरला असेल तर तापवून पुन्हा वापरा.